पोळ्यावाली फिल्म

मी मूळची पांढुर्ण्याची, ताई. ते एमपीतच येतं पण तिथे सगळे मराठीच बोलतात, आमच्या पद्धतीची, मले-तुलेवाली. बाप संत्र्याच्या पेट्या ठोकायचा, सीझनमध्ये पेट्या आणि बाकी टाइम हाताला मिळेल ते, आम्ही तिघी बहिणी त्याला वाकडे खिळे सरळ करून द्यायचो, दगडावर ठेवून हातोडीनं, एक एक, हे अंगठ्याचं नख बघा, तेव्हाचं आहे. नववीत गणितात गेले. बाप म्हणाला बस झालं आता, आणि खरं सांगू का, मला बरंच वाटलं, कारण शाळेत मास्तरनं नाव घेतलं की मी उभी राहायची आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. मला सगळ्याचीच भीती वाटते. तुम्ही माझी गोष्ट लिहायला आलात ना, तर हे पहिल्यांदा लिहून घ्या म्हणजे पुढचं समजेल. फोन वाजला की मी आतल्या खोलीत, बेल वाजली की दाराआड, आमच्या ह्यांनी नुसतं अगं म्हटलं तरी हातातलं पडतं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि इथे आले, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीला, ह्याच क्वार्टरमध्ये. मावशीनं स्थळ आणलं होतं, म्हणाली सासरा कारखान्यात परमनंट आहे, क्वार्टर आहे, दोन खोल्या आणि मागे व्हरांडा, नळाला दोन टाइम पाणी, पोरीला अजून काय पाहिजे. हे कोणी नाही सांगितलं की क्वार्टर नोकरीचं असतं, सासऱ्याची नोकरी संपली की क्वार्टर पण संपलं. मला वाटलं घर म्हणजे घर. सासूबाई पहिल्या दिवसापासून माझी मराठी सुधरवायला लागल्या, त्या चाळीसगावच्या, पण आपल्याला पुण्याच्या समजतात, मी म्हटलं आई मले भूक नाही तर म्हणाल्या मले काय गं, मला म्हण, शेजारी काय म्हणतील. शेजारी तर बिहारी आहेत ताई, त्यांना काय कळतं मले आणि मला. पण मी शिकले. घाबरले की अजून मले निघतं.

आमचे हे कारखान्यात नाहीत. बाबांच्या वेळेला भरती होती, ह्यांच्या वेळेला बंद झाली, मग ह्यांनी कॅमेरा घेतला. लग्न, मुंज, बारसं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रिटायरमेंट. तुम्ही टाउनशिपच्या बाहेरच्या, तुम्हाला माहीत नसेल, इथे माणूस रिटायर होतो म्हणजे दुसरं लग्नच असतं, गेटवर ढोलवाले, हार, गुलाल, गल्लीभर वरात, घरी बायको आरती घेऊन उभी, मग केक, मग जेवण, आणि त्याची फिल्म तर पाहिजेच. आणि सगळे महिन्याच्या शेवटच्या तारखेलाच रिटायर होतात, एकाच दिवशी, एकाच टाइमला. म्हणजे महिनाभर कोणी विचारत नाही आणि तीस तारखेला चार पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, दारात उभी.

फिल्म जोडायला पहिले एक एडिटर यायचा शाहपुऱ्याहून, त्याला दुसऱ्या स्टुडिओनं ओढून नेला. तेव्हा चिकू माझ्या पोटात होती. मी त्या एडिटरला चहा द्यायची आणि तिथेच उभी राहायची, त्याचा हात कुठे जातो बघत. ह्यांनी डोक्याला हात लावला, म्हणाले आता मी शूटिंग करू का बसून जोडू, आणि मी म्हटलं, कशी काय म्हटलं मला माहीत नाही, मी म्हटलं मी बघू का. इंग्लिश मला वाचता येत नाही नीट, तर मी बटणांच्या जागा पाठ केल्या. वरून तिसरं म्हणजे कापणं, कात्रीसारखं आहे ते तर कळतं, उजवीकडे खाली निळं म्हणजे रेंडर. रेंडर म्हणजे काय, तुम्ही तुकडे लावून ठेवता ना, ते सगळं कॉम्प्युटर शिजवून एक फिल्म करून देतो. आमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, बारा मिनिटांच्या फिल्मला पाऊण तास घेतो, आणि मधे थांबवता येत नाही, थांबवलं की गेलं.

ह्यांनी मग एक साचा बनवून दिला. आधी फुलं उघडतात, मग फोटो, मग नाव, मग जन्म तारीख, नोकरीला लागल्याची तारीख, मग गेट, हार, ढोल, आरती, केक, ग्रुप फोटो, शेवटी सूर्य मावळतो. गाणी ठरलेली, कुठे किती सेकंद ते पण ठरलेलं. हे म्हणाले तू फक्त माणूस बदलायचा. वीस मिनिटांत एक फिल्म लागली पाहिजे, बाकी रेंडर. आणि बरोबर आहे ना ताई, पार्टीला तेच पाहिजे असतं, शेजारच्याच्या फिल्ममध्ये फुलं उघडली तर आपल्यात पण उघडली पाहिजेत, नाहीतर फोन, हमारे में फूल क्यों नहीं आए.

पण मी काय करू, मला दिसतं. हे दोन तास शूट करून आणतात, त्यातलं बारा मिनिटं लागतं, बाकी फेकायचं, आणि फेकायच्यातच सगळं असतं. एका लग्नात मुलीचा बाप जेवणाच्या पंगतीत मीठ वाढत फिरत होता, सगळ्यांना मीठ, ज्याला दिलं त्याला परत, त्याला काही सुचतच नव्हतं. मी ते ठेवलं, पूर्ण दीड मिनिट ठेवलं, आणि ते नीट लावण्यात माझा सगळा दिवस गेला. मुलगी सासरहून फोन करून रडली, म्हणाली दीदी पप्पा का नमकवाला मैं रोज़ देखती हूँ. पण दुसऱ्या दोन पार्ट्या दारातून ओरडून गेल्या आणि एकानं तर अख्ख्या गल्लीत सांगितलं की ह्यांचं काम टाइमवर नसतं. हे मला मारत नाहीत, शिवी पण देत नाहीत, खोटं कशाला बोलू. गप्प बसतात. तीन दिवस, चार दिवस. सासूबाईंना म्हणतात आई भाजी वाढ, मी बाजूला भाजी घेऊन उभी असते. चौथ्या दिवशी म्हणाले, अगं तू सिनेमा बनवतेस का, लोक बारा मिनिटं मागतात, तू त्यांना बारा मिनिटं दे आणि मला जगू दे. ते पण खरंच आहे.

आता मेन गोष्ट सांगते. ह्या वर्षी तीस जूनला आमचे बाबा रिटायर होणार होते. बाबा म्हणजे सासरे, पाटील म्हणतात त्यांना कारखान्यात, वाइंडिंगमध्ये होते, मोटारीच्या आतलं तांब्याचं गुंडाळायचं काम. बाबा बोलायचे नाहीत माझ्याशी जास्त. सूनबाई चहा, सूनबाई चप्पल, एवढंच. आणि बाबा रिटायर म्हणजे क्वार्टर सोडायचं. कारखान्याच्या इस्टेट ऑफिसातून मुदत वाढवून मिळते थोडी, अर्ज दिला होता, पण कागद येईना. मे गेला, जून गेला. हे रोज चक्कर मारायचे. बाहेर भाडं परवडत नाही, आणि बाहेर गेलो तर काम पण गेलं, आमची सगळी गिऱ्हाइकं टाउनशिपमधली, ह्या मागच्या व्हरांड्यावर येतात, बहू हो गया क्या विचारतात. नाहीतर चाळीसगावजवळ बाबांचं गाव आहे, तिथे एक खोली. शेतात कोण रिटायर होतं ताई?

तर तीस जूनला आमच्या मराठी मंडळातले चार जण एकदम रिटायर. तीस जूनला नेहमी गर्दी असते कारण अर्ध्या लोकांची जन्मतारीख एक जुलै आहे. तुम्ही हसताय, पण खरं आहे. गावात कोणाला तारीख माहीत होती, शाळेत घालायला नेलं की गुरुजी लिहून टाकायचे एक जुलै. चार जणांत एक बाबा, दोन दुसऱ्या सेक्शनचे, आणि चौथे देशपांडे साहेब, इस्टेट ऑफिसातलेच, ज्यांच्या टेबलावर आमचा अर्ज होता. मंडळाची पद्धत अशी की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि पडद्यावर प्रत्येकाची फिल्म दाखवायची, मग जेवण. म्हणजे तीसला शूटिंग आणि एकला सात वाजता चार फिल्मा तयार. ह्यांनी मला समोर बसवून सांगितलं, नीट ऐक, साहेबांची पहिली कर आणि चांगली कर, ती तू करतेस ना तशी, मन लावून. साहेब गेले तरी त्यांचा शब्द ऑफिसात चालतो. बाकी दोन साच्यात. बाबांची शेवटी, घरचीच आहे, थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल.

एक जुलैला सकाळी हे प्रोजेक्टर आणायला गेले, सासूबाई मंडळाच्या बायकांबरोबर पुऱ्या लाटायला. मी चिकूला मांडीवर घेऊन बसले. साहेबांचं शूटिंग उघडलं आणि बघते तर त्यात काहीच नाही. हार, भाषण, हार, गाडीत बसले, गाडीतून उतरले. चेहऱ्यावर काही हलतच नव्हतं. मन लावायचं तर कशाला लावू? मी इकडून बघते, तिकडून बघते, एक तास गेला, शेवटी साच्यातच टाकली आणि वरून जास्तीची फुलं सोडली. रेंडरला लावली.

आणि मागे बघते तर बाबा दारात उभे. पायात बूट. नोकरी नसल्याचा पहिला दिवस होता ना तो, सकाळी उठून अंघोळ करून बूट घातले होते आणि मग कुठे जायचं ते कळेना. इतक्या वर्षांत कधी व्हरांड्यात आले नव्हते मी काम करताना. म्हणाले चिकूला दे इकडे, आणि स्टुलावर बसले. मी दुसरी फिल्म लावायला घेतली, फोटो बदलला, नाव बदललं, तारीख तशीच. तिसरी, तारीख तशीच. बाबा म्हणाले सूनबाई, सगळ्यांचा एकच वाढदिवस? मी म्हटलं हो बाबा, तारीख बदलावीच लागत नाही, तेवढाच टाइम वाचतो. तर बाबा हसले. मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं, खालचा एक दात नाहीये हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग म्हणाले, माझी तू ती तारीख टाकू नको. मी पोळ्याचा आहे.

काय सांगू तुम्हाला. ते बोलायलाच लागले. म्हणाले माझी आई सांगायची, बैल धुऊन आणले होते, शिंगांना रंग चालला होता, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं, पण पोळ्याच्या दिवशी घरात कोण असतं, सगळे वेशीवर. सुईणीला बोलवायला गेले तर ती पण बैल बघायला गेलेली, तिला तशीच आणली, तिच्या हाताला शिंगांचा लाल रंग, त्याच हातानं मला काढलं, म्हणून आई म्हणायची तू रंग लागलेला आलास, बाकीची पोरं रक्तातली, तू रंगातला. पांढुर्ण्याची मी, पोळा काय असतो ते मला कोणी सांगायला नको, मला तो रंग दिसला. ह्यांचा छोटा कॅमेरा टेबलावर होता. मी म्हटलं बाबा परत सांगा, आणि चालू केला. चिकू त्यांची मिशी ओढत होती. त्यांनी परत सांगितलं.

मग मी बाबांचं गेटवरचं उघडलं. आत कॅमेरा नेऊ देत नाहीत, हे बाहेर उभे होते. सगळे हार घालून आले, बाबा सगळ्यात शेवटी, सायकल ढकलत, हार हँडलला लटकवलेला. गेटवर सिक्युरिटीवाला रोज डबा तपासतो, तांबं-बिंबं नेत नाही ना कोणी म्हणून. त्या दिवशी त्यानं सवयीनं हात पुढे केला आणि मग त्याच्या लक्षात आलं आज काय आहे, तर हात मागे घेतला. आणि बाबांनी स्वतःच पिशवी काढली, डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याला दाखवला. रिकामा डबा. तो नको नको म्हणतोय आणि बाबा दाखवतायत, पूर्ण, तिन्ही पुडं, एक एक. ढोलवाले पण थांबले होते.

साच्यात ह्याला जागा नाही. गेट बारा सेकंद. डबा एकटाच सत्तर सेकंदांचा. मी साचा बंद केला ताई. फुलं काढली, सूर्य काढला, तारखेच्या जागी बाबांचा आवाज ठेवला आणि मग डबा, आणि डब्यावर गाणं ठेवलं नाही, झाकणाचा आवाज येऊ दिला. ह्यांचा फोन, किती झालं. मी म्हटलं होतंय. परत फोन. मी म्हटलं तीन झाल्या, चौथी रेंडरला, आणि ते खोटं होतं, मी ह्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, मान वर न करता. साडेपाचला रेंडरला लावली. मधे लाइट गेली असती तर मी आज इथे नसते, अशी मी देवाचं नाव घेत बसले होते. सहा वीसला झाली. पेन ड्राइव्ह पदरात बांधून हॉलवर पळाले.

साहेबांची फिल्म लागली, टाळ्या. दुसरी, टाळ्या. तिसरी, टाळ्या. जिथे फुलं उघडतात तिथे टाळ्या, सगळ्यांना माहीत आहे कुठे वाजवायच्या. मग बाबांची लागली, फुलंच नाहीत, एकदम म्हातारा माणूस मांडीवर नातीला घेऊन, आणि माझी आई सांगायची. पुऱ्यांवाल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. डबा उघडला तेव्हा पहिले हसले लोक, मग दुसरं पूड, मग तिसरं, मग कोणी हसेना. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, म्हणाल्या मी भरायचे तो डबा. मी खांबाआड उभी होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला कोणाची भीती वाटत नाहीये.

आणि तेवढ्यात स्टेजवरून देशपांडे साहेब माइकवर म्हणाले, अहो पाटील, पण कुठल्या सालचा पोळा? आणि म्हणाले, आधीच्या सालचा असेल तर तुम्ही दहा महिने नोकरी जास्त केलीत, कारखान्याला परत करावे लागतील हं! सगळा हॉल हसला. बाबा पण हसले. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांचा चेहरा असा पांढरा.

घरी आल्यावर हे म्हणाले, तुला कळतंय का तू काय केलंस? बाबांच्या कागदावर एक जुलै आहे, सगळी नोकरी त्याच्यावर, पेन्शन त्याच्यावर, आणि तू भर हॉलमध्ये पडद्यावर दाखवलंस की ते खोटं आहे. कोणासमोर, तर इस्टेटच्या साहेबासमोर. आता कागद येणार आहे का आपल्याला? मी म्हटलं मले काय माहीत, मले नाही समजलं. सासूबाईंनी त्या दिवशी मले सुधरवलं पण नाही.

मग ताई मी रोज मरायला लागले. जुलै गेला, कागद नाही. ऑगस्ट गेला. पोस्टमन आला की मी चिकूला घेऊन बाथरूममध्ये. मला वाटायचं कोणीतरी येईल, हातात फाइल, आणि विचारेल कुठल्या सालचा. झोपेत पण मला तेच ऐकू यायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबा. एक दिवस बघते तर पलंगाखालची पेटी काढून शाळेचा दाखला उघडून बसलेत. मला म्हणाले, सूनबाई, साहेब बरोबर बोलला, आईला मी साल विचारलंच नाही कधी. आता मी किती वर्षांचा आहे ते मलाच सांगता येत नाही. पहिले एक तारीख होती, खोटी का होईना होती. ती पण मीच काढली त्यांच्याकडून, बारा मिनिटांच्या फिल्मसाठी.

पण लोकांना ती आवडली ना. ऑगस्टच्या पार्ट्या म्हणाल्या पाटीलजी जैसी चाहिए, पोलेवाली. सगळे तेच म्हणायला लागले, पोलेवाली, पोलेवाली. ह्यांचा राग निवळला, आणि हे बसले आणि ह्यांनी त्याचा साचा बनवला. खरं सांगते. माणसाला स्टुलावर बसवायचं, मांडीवर कोणाचं तरी लेकरू द्यायचं, तीस सेकंद, मेरी माँ कहती थी, मग बासरी, मग बैलाचा फोटो, मग डबा उघडायचा. डबा पण! गेटवर हे आता सांगतात अंकल, डब्बा खोलके दिखाओ, थोड़ा धीरे, एक बार और. एका महिन्यात तीन जण दिवाळीला जन्मले, एक बिहारी छठपूजेला. एकजण तर कॅमेऱ्यासमोर बायकोला विचारतो, क्या बोलूँ, होली बोल दूँ? ती म्हणाली बोल दो जी, कौन देख रहा है. मी ते कापते. वीस मिनिटांत एक. जे एक माझं होतं, एका दिवसाचं, ते आता रोज माझ्या हातून निघतं. बाबा व्हरांड्याच्या दारात येत नाहीत आता. बासरी वाजली की चिकूला घेऊन बाहेर जातात.

आणि मग मागच्या महिन्यात बेल वाजली, मी दार उघडलं तर देशपांडे साहेब. एकटेच, स्कूटरवर. मला वाटलं आलं, आज आलं. घरात मी आणि चिकू. पाणी द्यायचं पण सुचेना. ते म्हणाले बसू का, आणि बसले, आणि म्हणाले, सूनबाई, माझी फिल्म परत कराल का? त्या दिवशी बघितली ना, कोणाचीही चालली असती ती, नाव बदललं तर. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, साहेब आमच्या बाबांचं काही होणार नाही ना, ते पोळ्याचं. तर ते म्हणाले कसलं? मी सांगितलं. ते म्हणाले अरे देवा, अहो मी गंमत केली, दाखल्यावर जे आहे ते आहे, त्याला कोणी हात लावत नाही. आणि तुमचा कागद तर मी तीस तारखेला सकाळीच सही करून ठेवला, हार घालायच्या आधी. सहा महिन्यांचा. खाली अडकला असेल कोणाच्या तरी टेबलावर. मी म्हटलं सहा महिने म्हणजे? म्हणाले डिसेंबरअखेर. त्याच्यापुढे कोणाच्याच हातात नाही. मलाही निघायचंय की.

म्हणजे बघा. मी पाच महिने ज्याला घाबरले ते नव्हतंच. आणि जे होतं ते ठरलेलंच होतं, पोळा असो नाहीतर एक जुलै असो, मी मन लावलं असतं नसतं तरी, एकतीस डिसेंबर म्हणजे एकतीस डिसेंबर. मला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही. त्यांना वाटलं मला बरं वाटलं.

काल हे साहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या आईचं शूटिंग करून आले. खूप म्हातारी आहे, साहेबांनी तिच्या शेजारी बसून विचारलं, आई, मी कधीचा गं, कुठल्या सणाचा? ती त्यांच्याकडे बघते, बघते, आणि म्हणते, मला नाही रे आठवत. तुम्ही सात जण. कामात असायची मी. साहेब परत विचारतात, आठव ना, पाऊस होता, थंडी होती? ती म्हणते कामात होते रे. आणि त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं ते लावते. आणि तो माणूस, ज्याचं तोंड त्या दिवशी हार घालताना हललं नव्हतं, त्याची हनुवटी बघा कशी होते.

हे म्हणाले हे चालणार नाही, सणाशिवाय बैलाचा फोटो कुठे लावणार, तू तिचा आवाज काप, साहेबांना फोनवर दिवाळी बोलायला लाव, कोणाला कळतंय. चार वाजता साहेब फिल्म न्यायला येणार आहेत. सामान बांधायचं आहे, अर्धं बांधलंय, तुम्ही बसलाय ती पेटी कपड्यांची आहे. हा कॉम्प्युटर शेवटी बांधायचा. चाळीसगावला तो कुठे ठेवायचा ते अजून कोणी बोललेलं नाही, मी पण विचारलं नाही.

मी कापलं नाही, ताई. सकाळपासून मी तेच लावतेय, आठवत नाही आणि बटण. बासरी नाही, बैल नाही, काही नाही. तुम्ही आलात तेव्हाच रेंडरला लावलं, ते बघा मागे, एकाहत्तर टक्के झालंय. ह्यांनी अजून बघितलेलं नाही. स्कूटरचा आवाज आला ना आत्ता? नाही, शेजारची आहे. चहा घ्या तुम्ही, आणि येत जा, जिथे असू तिथे येत जा, तुमचं चांगलं होवो, माझं एवढं कोणी ऐकलं नव्हतं. हे आले तर येऊ देत. आता मधे थांबवता येत नाही ते.